खाप्याच्या लग्नाला दिल्लीचं कुलूप

तिसऱ्या मशीननेही डिस्क बाहेर ढकलली. मी ती दिव्याखाली धरून पाहिली. ओरखडा नाही, बुरशी नाही, बोटांचे ठसेसुद्धा नाहीत. इतकी स्वच्छ डिस्क माझ्याकडे क्वचित येते. स्वच्छ याचा अर्थ, ती कोणी फारशी वापरलेलीच नव्हती.

"खराब झाली का जी, मॅडम?" समोर बसलेल्या बाईंनी विचारलं.

"खराब नाही. हरलेली आहे," मी म्हटलं.

त्यांना काही कळलं नाही. कळण्यासारखं मी बोललेही नव्हते.

नागपुरात धंतोलीला माझं छोटं दुकान आहे. लोक जुन्या व्हिडिओ कॅसेट, कॅमेऱ्याच्या टेप, चालेनाशा झालेल्या सीडी आणून देतात. मी त्यातलं चित्र आणि आवाज काढून पेनड्राइव्हवर देते. त्याआधी बरीच वर्षं मी सदरमधल्या एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे. एडिट करणं म्हणजे जेवणाच्या पंगतीतले उघडे जबडे कापायचे, झोपलेले पाहुणे कापायचे, आणि रुसलेल्या आत्याला एक तरी क्लोजअप मिळाला आहे ना, ते पाहायचं.

समोरच्या बाईंचं नाव वर्षा. राहायला हिंगण्याला, नवरा एमआयडीसीत कामाला. माहेर खाप्याचं. सोबत त्यांचे वडील होते, देवरावजी डाखोळे. कन्हानच्या काठाला संत्र्याची बाग. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आणि गळ्याभोवती गुंडाळलेला रुमाल. आल्यापासून ते एक अक्षर बोलले नव्हते. मला वाटलं, रागावलेत.

मग त्यांनी मोबाइल काढला, एका बोटाने काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "यात माझा आवाज आहे."

"बाबाचं गळ्याचं ऑपरेशन झालं," वर्षाताई म्हणाल्या. "तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं. आवाजाची पेटीच काढली. माह्या लग्नात त्यायनं मंगलाष्टक म्हटलं होतं. स्वतः बनवलं होतं. माही पोरगी ऑपरेशनच्या नंतरची. ती म्हणते, आजोबा मंगलाष्टक म्हणूच शकत नाही, तू फेकून राहिली."

देवरावजींनी पुन्हा टाइप केलं. "तिला ऐकवायचं आहे." थोडं थांबून पुढे, "मलाही."

मी डिस्कचं पाकीट उलटं केलं. गुलाबाच्या पाकळ्या, दोन हंस, सोनेरी अक्षरांत "एचडी", आणि खाली आमच्याच स्टुडिओचं नाव. हे लग्न मी एडिट केलं होतं. मंगलाष्टकही आठवत होतं. नवरदेवाच्या कंपनीची बस त्यांनी वृत्तात बसवली होती. वृत्ताचं पुढे काय झालं, ते विचारू नका.

आता ही डिस्क हरली कशी, ते सांगते. डिस्कवर चित्र म्हणजे बारीक बारीक खड्डे असतात. लेझरचा किरण ते खड्डे वाचतो. साध्या डीव्हीडीचा किरण लाल. चित्र जास्त बारकाईचं हवं, म्हणजे एचडी हवं, तर खड्डे आणखी बारीक करावे लागतात आणि ते वाचायला निळा किरण लागतो. इथपर्यंत सगळ्या जगाचं एकमत होतं. मग मोठमोठ्या कंपन्यांच्या दोन छावण्या पडल्या. एका छावणीने ब्लू-रे काढली, दुसरीने एचडी डीव्हीडी. आकार सारखा, मधलं भोक सारखं, किरणही निळाच. पण एकीच्या मशीनने दुसरीला ओळख दाखवायची नाही. सिनेमावालेही वाटले गेले. अर्धे सिनेमे इकडे, अर्धे तिकडे. ग्राहकाने काय करायचं? दोन मशीनं घ्यायची, नाहीतर अर्ध्या सिनेमांवर समाधान मानायचं.

एका बाबतीत मात्र दोन्ही छावण्यांत कमालीचा एकोपा होता. दोघींचंही ठाम मत होतं की ग्राहक हा चोर असतो. त्यामुळे डिस्कला कुलूप, मशीनला कुलूप, मशीनपासून टीव्हीपर्यंत जाणाऱ्या वायरलाही कुलूप. त्याला म्हणायचं कॉपी प्रोटेक्शन.

आमचे मालक गहूकर सर दिल्लीच्या एका प्रदर्शनाला गेले आणि हे सगळं सोबत घेऊन आले. एचडी डीव्हीडी बनवायचं मशीन, कोऱ्या डिस्कची खोकी, आणि कुलूप लावायचं सॉफ्टवेअर.

मी विचारलं, "सर, ब्लू-रे का नाही घेतली? लोक म्हणतात ती टिकेल."

"नीता, नाव पाय ना तिचं," सर म्हणाले. "पोरीच्या लग्नाच्या डिस्कवर ब्लू लिहून देऊ का मी? बाप मारीन मले. डीव्हीडी सगळ्यायले माहीत आहे. त्याच्यापुढं एचडी लावलं, का झालं."

जगातल्या तज्ज्ञांनी या दोन फॉरमॅटची तुलना करून रकानेच्या रकाने भरले होते. हा मुद्दा एकालाही सुचला नव्हता.

"आणि कुलूप कशाला?"

"कॉपी नाही झाली पाहिजे."

"खाप्याच्या लग्नाची कॉपी कोण चोरणार सर?"

"इतवारीतले चोट्टे," सर म्हणाले. त्या वेळी इतवारीत गल्लोगल्ली सीडी कॉपी करून देणारे बसायचे. आम्ही एक डिस्क दिली की लोक तिथे जाऊन मामा, मावशी, साळे, साडू, सगळ्यांसाठी प्रती काढून आणायचे. सरांच्या मते हा त्यांच्या पोटावर पाय होता. सरांचं पोट पाहता पाय फार मोठा असावा लागला असता, पण तो विषय वेगळा.

कुलूप असं होतं. डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली की आधी स्क्रीनवर एक लांबलचक नंबर यायचा. तो नंबर त्या कॉम्प्युटरचा. तो आम्हाला कळवायचा, आम्ही तो सॉफ्टवेअरच्या दिल्लीतल्या कंपनीला कळवायचा, कंपनी कोड देणार, तो कोड टाकला की लग्न सुरू. मशीन बदललं की नवा कोड. कोड नसेल तर आतलं चित्र म्हणजे नुसता कचरा, कारण सॉफ्टवेअरने ते गणित करून असं कालवून ठेवलेलं असतं की शेंडा सापडत नाही की बुडखा.

"सोबत एक साधी डीव्हीडी देऊ या का?" मी विचारलं होतं.

"अन् मग एचडी कोण घेईन?"

कॅमेऱ्याच्या मूळ टेप सर पुसून पुन्हा वापरायचे. एडिट झालं की माझ्या कॉम्प्युटरमधलं लग्नही त्याच दिवशी उडवायला लावायचे. लीक नको. आम्ही कुठे अणुबॉम्बचे नकाशे बनवत होतो, पण नियम म्हणजे नियम.

डाखोळ्यांच्या घरी डिस्क चालवायचं मशीन नव्हतंच. सरांनी सांगितलं, घाबरू नका, वर्षभरात घराघरात येईल. वर्षभरात सरांच्या छावणीने शस्त्रं खाली ठेवली. एचडी डीव्हीडी बंद. मशीनं बंद, कोऱ्या डिस्क बंद. सर काही महिने उदास होते, मग प्लॉटच्या धंद्यात गेले. स्टुडिओ बंद झाला आणि मी माझं दुकान टाकलं.

हे सगळं मी वर्षाताईंना थोडक्यात सांगितलं. त्या ऐकत होत्या. देवरावजी माझ्याकडे कमी आणि डिस्ककडे जास्त पाहत होते.

"म्हणजे दोन अडचणी आहेत," मी म्हटलं. "आधी ही वाचणारं मशीन शोधायचं. मग कुलूप."

"मशीन भेटन का पण?"

मला एक माणूस माहीत होता. रामदासपेठेतले दाताचे डॉक्टर पिंपळकर. सिनेमाचा नाद. घरात एक अख्खी खोली काळ्या पडद्यांची, खुर्च्या थिएटरसारख्या. त्यांनीही आमच्या सरांसारखीच हरणारी बाजू निवडली होती, फक्त जास्त अभ्यास करून.

त्यांना फोन केला तर इतका आनंद झाला की दवाखान्यात पेशंट ताटकळत ठेवून बोलले. दुसऱ्या दिवशी मी गेले. एका कपाटात एचडी डीव्हीडीचे सिनेमे ओळीने लावलेले, वर मखमली कापड. कापड त्यांनी ज्या हळुवारपणे काढलं, त्या हळुवारपणे त्यांनी माझी दाढ काढली असती तर बरं झालं असतं.

"क्वालिटी हिचीच सरस होती," ते म्हणाले. "मार्केटिंगने मेली."

"आता बघता का यातलं काही?"

"नाही येत बघता. टीव्ही नवा घेतला ना. हा प्लेयर त्या टीव्हीला विचारतो, तू अधिकृत आहेस का? टीव्ही सांगतो, आहे. याचा विश्वास बसत नाही. स्क्रीन काळी."

सिनेमा विकत घेतलेला, प्लेयर विकत घेतलेला, टीव्ही विकत घेतलेला, मधली वायरसुद्धा विकत घेतलेली. आणि चौघं मिळून मालकालाच ओळख विचारत होते.

"मग सिनेमे बघता कशावर?"

डॉक्टर जरा घुटमळले. "कंपाउंडर पेनड्राइव्हमध्ये आणून देतो. कुठून आणतो, मी विचारत नाही."

त्यांच्याकडे एक सुटा ड्राइव्हही होता. व्हिडिओ गेमच्या मशीनला जोडायला आणलेला. तो कॉम्प्युटरलाही चालतो, आणि मला तोच हवा होता. तो देताना त्यांनी "सांभाळून हां" असं इतक्यांदा बजावलं की मला वाटलं आता बाळंतविडाही देतील.

वर्षाताई आणि देवरावजी पुन्हा आले. मी एक जुना कॉम्प्युटर झाडून-पुसून तयार ठेवला होता. ड्राइव्ह जोडला, डिस्क घातली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. आणि स्क्रीनवर गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या. सनई वाजली. वर्षाताईंनी वडिलांचा हात धरला.

पाकळ्या थांबल्या. एक लांबलचक नंबर आला. त्याखाली इंग्रजीत सूचना होती, की हा व्हिडिओ पाहण्याची परवानगी मिळवण्यासाठी आपल्या स्टुडिओशी संपर्क साधा.

मी त्यांना त्याचा अर्थ सांगितला.

"परवानगी?" वर्षाताई म्हणाल्या. "लग्न माह्यं आहे ना जी."

मी फोन हातात घेतला. दिल्लीच्या कंपनीचा फोन लागत नव्हता. वेबसाइट उघडली तर तिथे केस गळतीवरची तेलं होती. मी आतली फाईल उघडून पाहिली, कचराच होता. माझ्या ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्यालाही दाखवली. त्याने दोन दिवस ठेवून परत केली. मोठ्या सिनेमांची कुलुपं जगभरच्या हुशार पोरांनी कधीच फोडली होती, कारण आतला सिनेमा फोडण्यालायक होता. वर्षा डाखोळेच्या लग्नाचं कुलूप फोडायला जगात कोणी बसलेलं नव्हतं. म्हणजे जे कुलूप जगाला फोडायचं होतं ते टिकलं नाही, आणि जे फोडायची कोणाला इच्छाच नव्हती ते अभेद्य निघालं.

उरले गहूकर सर. वर्धा रोडला त्यांचं प्लॉटचं ऑफिस आहे. भिंतीवर नकाशा, त्यावर हिरवे चौकोन. आम्ही तिघं गेलो. सरांनी आधी आम्हाला ग्राहक समजून थंड पाणी मागवलं. काम कळल्यावर पाणी आलं, पण कोमट.

"कोड काही माह्याजवळ नाही," ते म्हणाले. "ते दिल्लीवाल्यायकडे."

"दिल्लीवाले राहिले नाहीत सर."

"मग मी काय करू? पण नीता, तू ते फोडून राहिली म्हणते, ते बरोबर नाही हं. कॉपीराइट आपला आहे त्याच्यावर. स्टुडिओचा."

वर्षाताईंचा चेहरा लाल झाला. "सर, तुम्हीच म्हटलं होतं ना, घराघरात मशीन येईन. आमच्या घरात तर आली नाही. कोणाच्या घरात आली?"

"ताई, टेक्नॉलॉजी आहे. वर-खाली होते."

देवरावजी टाइप करत होते. त्यांना वेळ लागायचा. मग त्यांनी मोबाइल टेबलावरून सरांकडे सरकवला.

"आवाज माझा. कॉपीराइट तुमचा?"

सरांनी वाचलं. रुमाल पाहिला. मोबाइल परत सरकवला आणि खुर्चीत जरा मागे झाले. "तसं नाही देवरावजी," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "मी काही मुद्दाम नाही केलं. आपली मेहनत कोणी चोरू नये, एवढंच होतं. अन् तरी चोरलंच ना. तुमच्या गावच्यानंच चोरलं."

"कोणी?" मी विचारलं.

"तो केबलवाला, निनावे. तुले नाही माहीत? डिस्क द्यायले मी खाप्याले गेलो होतो. म्हटलं, गावाले एचडी दाखवू, चार लग्नं अजून भेटतीन. आपलं मशीन नेलं, यायच्या अंगणात पडदा लावला. स्पीकर त्या निनाव्याचे होते. त्यानं माह्या मशीनच्या मागून वायर काढून आपल्या रेकॉर्डरले जोडली. मले पत्ताच नाही. आठ दिवसांनी कोणी सांगतलं, डाखोळ्याचं लग्न केबलवर चालू आहे. केस करणार होतो मी त्याच्यावर."

मी वर्षाताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी तर तवा सासरी होती."

देवरावजींनी मान हलवली आणि लिहिलं, "हो. टीव्हीवर आलं होतं. मग गेलं."

त्यांचंही बरोबर होतं. टीव्हीवर आलेली गोष्ट जातेच. ती कोणाच्या तरी फळीवर पडून असेल, असं कोणाच्या मनात येत नाही.

इथे थोडं सांगायला हवं. कुलूप कितीही पक्कं असलं तरी शेवटी चित्र डोळ्यांना दिसावं लागतं आणि आवाज कानांना ऐकू यावा लागतो. सरांचं मशीन कोड टाकून उघडलेलं होतं. त्याच्या मागे साध्या टीव्हीसाठी तीन भोकं होती. पिवळं चित्राचं, लाल आणि पांढरं आवाजाचं. तिथून बाहेर पडणाऱ्या चित्राला कुलूप नव्हतं. दिल्लीच्या कंपनीने सगळी दारं बंद केली होती, आणि मागचं दार गुड्डू निनावेंच्या हातात आलं होतं.

त्याच आठवड्यात आम्ही खाप्याला गेलो. निनावेंचं दुकान बाजारात आहे. केबलचा धंदा आता नावापुरता. इंटरनेट जोडून देतात आणि पाण्याचे कॅन विकतात. माणूस गोलमटोल, हसरा. देवरावजींना पाहून "या काकाजी" म्हणून उठले. वर्षाताईंना ओळखलं. मग मी ओळख करून दिली, की मी गहूकर सरांच्या स्टुडिओत होते. हसू मावळलं.

"मॅडम, ते लय जुनं प्रकरण आहे," ते म्हणाले. "मी चोरी नाही केली. लोक मांगून राहिले होते."

"मी केस करायला नाही आले. तुमच्याकडे ती कॉपी आहे का?"

"कोणती कॉपी?"

"गुड्डूभाऊ," वर्षाताई म्हणाल्या, "बाबाचं मंगलाष्टक पाह्यजे आम्हाले. आमच्या डिस्कचं कुलूप उघडून नाही राहिलं."

निनावेंनी देवरावजींकडे पाहिलं. देवरावजींनी गळ्यावरच्या रुमालाला हात लावला.

"मंगलाष्टक होय," निनावे म्हणाले. "असं बोला ना. मले वाटलं वकील आणला. आहे ना. सिनेमाची सीडी अटकली का मी तेच लावत होतो. बाया फोन करून सांगत, गुड्डूभाऊ, ते कंपनीच्या बसवालं लावा."

ते मागच्या खोलीत गेले. बराच वेळ खोकी सरकवल्याचे, काहीतरी पडल्याचे आवाज आले. मग धुळीने माखलेली एक साधी डीव्हीडी घेऊन बाहेर आले. वर मार्करने "डाकोळे लगन" लिहिलं होतं. शर्टाला पुसली. माझ्या धंद्यात डिस्क अशी पुसणं म्हणजे गुन्हा. त्यांनी ती दुकानातल्या प्लेयरमध्ये घातली आणि ती मुकाट्याने चालू झाली. कोणी नंबर मागितला नाही.

चित्र हिरवट होतं. वरच्या कोपऱ्यात चॅनलचं नाव, दुसऱ्या कोपऱ्यात घड्याळ, आणि खालून साड्यांच्या दुकानाची जाहिरात सरकत होती. सरांच्या एचडीचं असं रूप मी पाहिलं असतं तर त्या वेळी रडले असते. पण आवाज स्वच्छ होता. निनावेंनी आवाजाच्या वायरी नीट लावल्या होत्या.

अंतरपाट धरलेला. माइक खरखरला. आणि देवरावजी म्हणायला लागले. टीव्हीतले देवरावजी. जाड, जरासा बसका, शेवटचं अक्षर लांबवणारा आवाज. कन्हान आली, संत्र्याचा बहर आला, मग नवरदेवाची कंपनी आली आणि कंपनीची बस आली. मंडपात हशा पिकलेला ऐकू आला. पाण्याचा कॅन न्यायला आलेले दोघं दुकानाच्या पायरीवर थांबले.

मी टीव्हीकडे पाहत होते. वर्षाताई टीव्हीकडे पाहत नव्हत्या. त्या वडिलांच्या ओठांकडे पाहत होत्या. ओठ हलत होते. प्रत्येक शब्दाबरोबर, एकही न चुकता. आवाज टीव्हीतून येत होता आणि ओठ इथे हलत होते.

"सावधान" झालं, ताशे वाजले. देवरावजींनी मोबाइल काढला. टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे केली, कारण एडिट मी केलं होतं.

"चौथं कडवं कापायला पाहिजे होतं. सूर गेला आहे."

मी ते मोठ्याने वाचलं.

"नाही जी काकाजी," निनावे म्हणाले, "तेच तर लोकायले आवडलं होतं."

देवरावजींनी मान हलवून नापसंती दाखवली. मग खाली पाहून आणखी दोन शब्द लिहिले. "पुन्हा लावा."

त्या दिवशी खाप्याच्या बाजारात ते मंगलाष्टक किती वेळा वाजलं, ते मी मोजलं नाही. निनावेंनी चहा मागवला. वर्षाताईंनी मधेच बाहेर जाऊन डोळे धुतले आणि आत येऊन म्हणाल्या की धूळ फार आहे दुकानात.

मी डीव्हीडी नागपूरला आणली, हिरवटपणा जमेल तितका काढला, आवाज साफ केला. खालची साड्यांची जाहिरात काढता आली नाही. ती कापायची तर नवरा-नवरीचे पायही कापावे लागत होते. वर्षाताई म्हणाल्या, असू द्या, दुकान चांगलं आहे, माही पैठणी तिथलीच होती.

नातीने सगळं पाहिलं. आता तिचं म्हणणं असं की आजोबा म्हणत होते हे खरं, पण वृत्त चुकलं होतं. देवरावजींनी शेवटचं "सावधान" तेवढं कापून मोबाइलवर ठेवून घेतलं आहे. मीच कापून दिलं. घरात कोणी फार बोलायला लागलं की ते बटण दाबतात. जावई म्हणतो, ऑपरेशननंतर घर शांत होतं, आता पुन्हा आवाज आला.

गहूकर सरांना कुठून तरी कळलं. त्यांचा फोन आला.

"नीता, भेटलं म्हणते लग्न."

"हो सर."

"आपला लोगो आहे ना त्याच्यावर? तो काढू नको."

"लोगो साड्यांच्या जाहिरातीखाली गेला आहे सर."

"चोट्टा आहे तो निनावे," सर म्हणाले. मग म्हणाले, "माह्या पोरीचं लग्न बी आपण एचडीतच केलं होतं ना. त्याचं काही होईन का?"

मी विचारलं, त्या लग्नाला स्पीकर कोणाचे होते? सरांना आठवलं नाही. आपलेच असावेत, म्हणाले. म्हटलं, मग कठीण आहे.

हल्ली नवे स्टुडिओवाले कधीमधी माझ्याकडे येतात. क्लायंटने कॉपी करू नये म्हणून काय करता येईल, विचारतात. मी त्यांना कुलपाचे प्रकार समजावून सांगते, फी घेते. आणि जाताना एवढंच सांगते, की कुलूप लावा, काही हरकत नाही, पण ज्याने चोरलं त्याचा फोन नंबर जपून ठेवा.